सोळा की अठ्ठेचाळीस

गास, १२ जानेवारी १९८६

प्रिय फर्डिनंड,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू विचारलंस की नाताळात तुझ्या कंपनीतल्या आलोशियसबरोबर पाठवलेला कॉम्प्युटर बाबांना आवडला का, आणि खेळ खेळायला त्याची सोळाची मेमरी पुरते का, की बहारीनहून अठ्ठेचाळीसचा पाठवू. आवडला. इतका आवडला की मला त्याचा राग येतो.

बाबांना तो तू पाठवलास हे सांगितलेलं नाही. तुझं नाव घेतलं असतं तर खोकं उघडायच्या आधी उंबऱ्याबाहेर गेलं असतं, तुझ्या मिक्सरचं झालं तसं. आपल्या शेजारच्या सालोमीचा नवरा ॲन्सेल्म वसई रोडला टीव्ही दुरुस्त करतो ना, त्याने दुकानातून तपासायला दिलाय, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते देवाला ठाऊक.

आता सगळं कसं चालतं ते ऐक. टीव्हीसमोर बाबांची खुर्ची, खुर्चीपुढे आईचं शिवणाचं टेबल, त्यावर तुझा काळा कॉम्प्युटर आणि बाजूला टू-इन-वन. कॅसेट लावली की आत मांजरं भांडताहेत असा आवाज येतो. पहिल्या दिवशी सालोमी चुलीवरचं दूध सोडून धावत आली होती. आवाज थांबला की पडद्यावर वरून किड्यांच्या रांगा उतरू लागतात. खाली एक तोफ. ती डावी-उजवीकडे सरकवायची आणि गोळ्या झाडायच्या. एवढाच खेळ. या माणसाने पत्त्यांना कधी हात लावला नाही, आणि आता न्याहारी झाली की टीव्हीकडे बोट दाखवतो.

पण तुझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. सरकवायची बटणं एका टोकाला आहेत आणि गोळीचं बटण दुसऱ्या टोकाला. झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात मांडीवर पडून असतो, हे मी तुला लिहिलं होतं. डाव्या हाताने ते तोफ सरकवतात. मग गोळी कोण झाडणार? मी. शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी हाक येते, आणि मी शेजारी स्टुलावर बसून बटण दाबते. ते मानेने खूण करतात, मी दाबते. उशीर झाला तर कोपराने ढोसतात. तू मला जरा मोकळं करायला मशीन पाठवलंस आणि मी तुझ्या मशीनचं एक बटण होऊन बसले.

पुण्याच्या कोर्सबद्दल मी ऑक्टोबरात लिहिलं होतं, नोव्हेंबरात लिहिलं होतं. बहिऱ्या मुलांना शिकवायचं एक वर्षाचं शिक्षण, तिथेच राहायचं, जूनपासून. आमच्या शाळेत अशी मुलं पहिलीत येतात आणि दुसरीत दिसत नाहीत, म्हणून सिस्टर मला पाठवायला तयार आहेत. पस्तिशीनंतर घेत नाहीत, म्हणजे मला हे शेवटचं वर्ष. त्यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मेमरीवर मात्र दीड पान.

अनेक आशीर्वाद.

तुझी ताई,
रेजिना


गास, ९ फेब्रुवारी १९८६

प्रिय फर्डिनंड,

तुझं पत्र आलं. पुण्याबद्दल ‘बघू’ लिहिलंस, तेही कोपऱ्यात. ठीक. तुला मेमरीबद्दल सविस्तर हवंय ना, घे.

मी ॲन्सेल्मला बसवून सगळं विचारलं. तो म्हणाला, सोळा आणि अठ्ठेचाळीस म्हणजे खेळाला आत बसायला केवढी जागा आहे ते. सोळामध्ये एकच पडदा, तेच किडे, जरा वेळाने जास्त वेगाने. अठ्ठेचाळीसमध्ये अख्खा बंगला मावतो, या खोलीतून त्या खोलीत, वर गच्ची, खाली तळघर. शहरात ज्यांच्याकडे आहेत ते सगळे अठ्ठेचाळीसच घेतात, सोळाला आता कोणी विचारत नाही, नवे खेळ त्यात चढतच नाहीत. पण खेळ मोठा तसा कॅसेटवरून आत जायला वेळही जास्त. आणि वीज जराशी दबली की सोळा असो वा अठ्ठेचाळीस, आतलं सगळं साफ. पुन्हा पहिल्यापासून मांजरं.

आता तू बहारीनमध्ये राहून विसरला असशील, म्हणून आठवण देते. आपल्या बावखलाच्या तळ्यावर चार घरांचा मिळून एकच पंप आहे, आणि वार वाटून घेतलेले आहेत. ज्याचा वार असेल त्याने पाणी काढायचं आणि आपल्या केळींत, पानवेलीत सोडायचं. बाकीचे पहाटेच पाणी काढतात, पण बुधवारी आणि शनिवारी मार्सेलकाकांचा वार, तो संध्याकाळी. त्यांनी बटण टाकलं की आपल्या घरातले दिवे पिवळे होतात, टीव्ही आक्रसतो आणि कॉम्प्युटर कोरा. किडे गेले, तोफ गेली, बाबांचे पॉइंट गेले. तू म्हणशील, स्टॅबिलायझर लाव. लावला. तो टक्कन आवाज करतो आणि त्या टक्कनमध्येच सगळं जातं. बाबा डाव्या हाताची मूठ बावखलाच्या दिशेने दाखवतात. परवा ते मार्सेलकाकांना खिडकीतून काहीतरी म्हणाले, ते मी पत्रात लिहीत नाही.

खरं सांगू का? मला तो पंप आवडायला लागलाय. एकदोनदा मी मागच्या दाराने जाऊन म्हटलंय, काका, आज जरा लवकर सोडा की पाणी, केळी सुकल्यात. केळी मुळीच सुकल्या नव्हत्या. पण पंप लागला की मला उठता येतं. वह्या तपासता येतात, अंगणात जाऊन उभं राहता येतं. नाहीतर बाबांचा एक डाव संपला की दुसरा, आणि मी स्टुलावर.

तेव्हा माझं उत्तर लिहून ठेव. खेळायला किती मेमरी पुरे? सोळा पुरे. डाव छोटा, लवकर संपतो, गेला तर हळहळ थोडी. अठ्ठेचाळीस आणलास तर बंगल्याच्या सगळ्या खोल्या होईपर्यंत मला जेवायलाही उठू देणार नाहीत.

बुधवारपासून उपासकाळ सुरू. फादर कम्युनियन घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं, बाबांनी काय सोडायचं. मी आशेने टीव्हीकडे पाहिलं. बाबा म्हणाले, मटण.

आशीर्वाद.

रेजिना


गास, १२ मार्च १९८६

फर्डिनंड,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून हसले, मग हसू गेलं.

तू लिहितोस की तू तिकडे दुकानात चौकशी केलीस, अठ्ठेचाळीसच्या नव्या खेळांमध्ये बटणं आपल्याला हवी ती निवडता येतात. म्हणजे सगळी बटणं डाव्या हाताखाली घेता येतील, बाबा एकटे खेळू शकतील, दिवसभर गुंतून राहतील. सकाळ-संध्याकाळ सालोमी डोकावेल, जेवण देईल. आणि मग, तू लिहितोस, ‘तू खुशाल पुण्याला जा, तुझा प्रश्न सुटला.’

माझा प्रश्न. बाबा माझा प्रश्न आहेत, फर्डिनंड?

मी इतकी वर्षं यावर बोलले नाही, आज बोलते. दहा वर्षांपूर्वी आई गेली, तिच्यासाठी चर्चमध्ये महिन्याचा मिस्सा व्हायला आठवडा राहिला होता आणि तू विमानात बसलास. व्हिसा संपत होता, मला मान्य. बाबांना तू आदल्या दिवशी सांगायला हवं होतंस, तू सांगितलं नाहीस. पहाटे बॅग घेऊन निघालास. तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले की मी जिवंत असेपर्यंत या घरात पाऊल टाकू नको. रागातल्या माणसाचं बोलणं होतं ते. तू ते असं धरून ठेवलंस की जणू कोर्टाचा हुकूम. तू दर वर्षी सुट्टी घेतोस आणि तिथेच राहतोस. बाबांना झटका आला तेव्हाही आला नाहीस, का तर ‘त्यांनीच येऊ नको म्हटलंय’. मिक्सर पाठवलास, टीव्ही पाठवलास, टू-इन-वन पाठवलास; मिक्सरनंतरचं सगळं मी दुसऱ्यांच्या नावावर घरात घेतलं. शिक्षा तुला झाली असं तू समजतोस. भोगतेय मी. तुम्ही दोघे भांडलात आणि दाराची कडी माझ्यावर लागली.

सालोमी डोकावेल म्हणतोस. तिला स्वतःची सासू आहे, गोठा आहे, मी शाळेत असते तेव्हा ती बाबांपाशी बसते तेच खूप झालं. बाबांना रात्री कुशीवर वळवावं लागतं. घास हळूहळू द्यावा लागतो, घाईत ठसका लागतो. हे काम कुठल्या कॅसेटमध्ये भरून येत नाही.

पण मला पुण्याला जायचंय. इतकं जायचंय की तुझं हे खुळचट पत्र मी फाडलं नाही. मी ॲन्सेल्मला विचारलं, असं अठ्ठेचाळीसचं मशीन एक दिवस मिळेल का. खरंच बाबा एकटे गुंतून राहतात का ते बघू दे. राहिले तर सकाळ-संध्याकाळची बाई मी शोधीन, तुला विचारणारही नाही. सिस्टरांना मला मे महिन्यात हो किंवा नाही सांगायचंय.

रेजिना


गास, ७ एप्रिल १९८६

प्रिय फर्डिनंड,

ईस्टर झाला. मी आईच्या थडग्यावर फुलं ठेवली, तुझ्या वतीनेही ठेवली. मागचं पत्र कडक झालं होतं, पण त्यातलं काही मागे घेत नाही.

काल रविवारी ॲन्सेल्म एका गिऱ्हाइकाचं अठ्ठेचाळीसचं मशीन घेऊन आला. मुद्दाम रविवार निवडला. रविवारी कोणी पंप लावत नाही, मिस्साचा दिवस, त्यामुळे वीज स्थिर. मांजरं बराच वेळ भांडली. मग पडद्यावर खरोखर एक बंगला आला. टोपीवाला एक छोटा माणूस, त्याने खोल्याखोल्यांतून किल्ल्या गोळा करायच्या. ॲन्सेल्मने सगळी बटणं डाव्या हाताच्या बोटांखाली आणून दिली. बाबा आधी धडपडले, पायऱ्यांवरून पडले, तळघरात अडकले, आणि मग त्यांना जमलं. एकट्याने. मी स्टुलावर होते, पण माझा हात मांडीवर. त्यांनी एकदाही खूण केली नाही.

मी उठले. कोणी हाक मारली नाही.

ॲन्सेल्मला पुढच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसवलं आणि बाबांना कळू न देता बाहेर पडले. दुपारच्या वेळी मी वाडीतल्या वाटेवरून नुसती चालत गेले, फर्डिनंड, कुठे जायचं नव्हतं म्हणून देवळाच्या फाट्यापर्यंत गेले आणि परत वळले. सालोमीकडे गेले, तिने चहा दिला, मी तो गरम असताना प्यायले. तिला म्हटलं, मी पुण्याला जाते. ती म्हणाली, तुझं तोंड किती दिवसांनी असं दिसतंय. मला तुझी माफी मागावीशी वाटली. म्हटलं, हा फर्डिनंड दूर बसून बरोबर बोलत होता, खरंच मेमरीच कमी पडत होती.

परत आले तर घर शांत. ॲन्सेल्म वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेला. बाबा खुर्चीत तसेच बसलेले, पडद्यावर खेळ संपल्याची अक्षरं लुकलुकत होती. पुन्हा सुरू करायला एकच बटण दाबायचं होतं, ते त्यांच्या बोटाखाली होतं. त्यांनी दाबलं नव्हतं. किती वेळ तसे बसले होते कोण जाणे. मी विचारलं, बिघडला का? त्यांनी मान हलवली. कंटाळलात? पुन्हा तशीच नकाराची मान. मग सावकाश, त्यांची जीभ आता अडखळते, ते म्हणाले,

‘‘कोनी नवतं.’’

आणि डाव्या हाताने कॉम्प्युटर माझ्याकडे सरकवला. ‘‘तू दाब.’’

तुला वाटेल मला दया आली. नाही आली. मला असा राग आला की मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून रडले. त्यांचा राग, तुझा राग, त्या टोपीवाल्या माणसाचाही. त्याला निदान खोलीतून बाहेर पडायला किल्ल्या होत्या. मग डोळे पुसून आले आणि स्टुलावर बसले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. एकट्या बाबांसाठी अठ्ठेचाळीस पुरत नाहीत. ॲन्सेल्म सांगतो की आता एकशे अठ्ठावीसचाही निघालाय, तोही पुरणार नाही. तू जाहिरातीतले आकडे कळवू नको.

आशीर्वाद. मन लागत नाहीये.

रेजिना


गास, ११ मे १९८६

प्रिय फर्डिनंड,

आज मी सिस्टरांना हो सांगून आले. मिस्सा झाल्यावर सरळ कॉन्व्हेंटमध्ये गेले, बसायच्या आधी हो म्हणाले, नाहीतर धीर गेला असता. आठ जूनला निघायचं. परत लांबच्या वाटेने आले, कारण घरी अजून सांगायचं होतं.

बाबा टीव्हीसमोर तयारच होते. रविवार, पंप नाही, दिवसभर खेळ. आपला सोळाचाच, कारण गिऱ्हाईक आपलं मशीन घेऊन गेलं. मी कॅसेट लावली, स्टुलावर बसले. किडे उतरायला लागले. त्यांनी तोफ सरकवली, मी दाबत राहिले. आणि पडद्याकडे बघत बघतच सांगितलं, कारण त्यांच्या तोंडाकडे बघून माझ्याच्याने सांगवलं नसतं. म्हटलं, बाबा, मी जूनमध्ये पुण्याला जाते. शिकायला. एक वर्ष.

त्यांचा हात थांबला. तोफ जिथल्या तिथे उभी राहिली आणि किडे खाली उतरत राहिले. मीही दाबायचं थांबले. दोघे बघत बसलो. सगळे खाली आले, डाव संपला. मला वाटलं आता कॉम्प्युटर जमिनीवर जातो. किंवा ते रडतील, त्याची मला जास्त भीती होती. झटक्यानंतर ते पटकन रडतात आणि मग मी जे ठरवलेलं असतं ते बदलते. दर वेळी असंच झालंय. तसं झालं तर पुन्हा कॉन्व्हेंटमध्ये जाऊन नाही म्हणावं लागेल, हेही मी मनात बोलून ठेवलं होतं.

ते रडले नाहीत. म्हणाले, ‘‘मंग कोन दाबल?’’

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते नाव मी या घरात मिक्सर बाहेर गेल्यापासून मोठ्याने घेतलेलं नाही. मी सालोमी म्हणणार होते. तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘फर्डिन दाबल.’’

 त्यांनी बोटाने कॉम्प्युटरवर दोनदा टकटक केलं, जसं दुकानदार मालावर करतो. ‘‘त्यानं धाडला ना. त्याला म्हन, ये.’’ आणि मग, मला वाटलं झालं बोलून, तर पुन्हा म्हणाले, ‘‘आन त्या बंगल्यावाला घेऊन ये म्हन. ह्यात तेच किडं.’’

म्हणजे नाताळापासून त्यांना ठाऊक होतं. ॲन्सेल्मचं नाव मी उगाच पुढे केलं होतं. मिक्सर उंबऱ्याबाहेर टाकणारा माणूस तुझा कॉम्प्युटर चार महिने मांडीशी घेऊन खेळला आणि त्याने मला एका शब्दाने कळू दिलं नाही. मी रागावले त्यांच्यावर. मग तशीच त्यांच्या डोक्याला डोकं लावून बसले. त्यांनी कोपराने ढोसलं, पुढचा डाव लाव म्हणून.

तेव्हा आता तुझ्याकडे दारातल्या त्या बोलण्याची सबब उरली नाही. ज्याने बंद केलं त्यानेच उघडलंय. तुझा करार जूनमध्ये संपतो, आणि तो वाढवून मागायचं तू ठरवलंयस, हे आलोशियसने मला कळवलं. तू लिहिलं नव्हतंस. मागू नको. एक वर्ष मला दे. मी दहा दिली, कुठे बोलून दाखवणार नाही, आज एकदाच दाखवते. बाबांना कुशीवर कसं वळवायचं ते सालोमी शिकवील. घास छोटा द्यायचा आणि गिळेपर्यंत दुसरा भरायचा नाही. बुधवारी-शनिवारी पंप लागला की चिडतील, त्यांना चिडू दे. बटणं कधीच एका हाताखाली आणून देऊ नको, तू मुकाट शेजारी बस आणि ते मान हलवतील तेव्हा दाब.

तू आला नाहीस तरी मी आठ जूनला जाणार आहे. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. मलाच लिहून बघायचं होतं. तू आला नाहीस तर ते त्या खुर्चीत कसे बसलेले असतील ते मी पाहिलंय, तुला मागच्या पत्रात सांगितलंय. ते डोळ्यांसमोर घेऊन मी गाडीत बसेन, पण बसेन.

जानेवारीत तू विचारलं होतंस की सोळा पुरतात का, की अठ्ठेचाळीसचा घेऊ. अठ्ठेचाळीसचा घे. आणि कोणाबरोबर पाठवू नको, स्वतः घेऊन ये. सोळा मला पुरले. तुम्हा दोघांना पुरायचे नाहीत.

तुझी ताई,
रेजिना